दोन टोपल्यांची हाळी

मारुती मुकादमाने हाळी दिली, की सगुणा डोक्यावरची टोपली असेल तिथे टाकायची आणि बांधावरून धूम ठोकायची. मिठाने तळव्यांना चिरा पडलेल्या, त्यांत खारं पाणी शिरून नुसती आग व्हायची. पण थांबायची सोय नव्हती. मिठागराच्या पार टोकाला, खाडीच्या अंगाला, पाणी आत घ्यायच्या दारावर, म्हणजे उघाडीवर, तिचा नवरा धोंडीबा उभा असायचा. त्याच्या दंडाला हात लावून, दोन्ही तळवे वरून खाली आणून 'फळ्या टाका' असं दाखवीपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा. दाखवलं की तो मान हलवायचा, खाचेत फळ्या सोडायचा आणि तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत राहायचा.

कोपरीच्या त्या मिठागराची उघाडी धोंडीबाच्या बापाने सांभाळली आणि बापामागे त्याने. काम दिसायला सोपं. उधाण आलं की फळ्या काढायच्या, खाडीचं पाणी बाहेरच्या तळ्यात घ्यायचं आणि तळं भरलं की फळ्या टाकायच्या. पण तळं भरलं की नाही हे उघाडीवरून कळत नाही. तळ्याचा कच्चा बांध दुसऱ्या टोकाला, मुकादमाच्या झोपडीपाशी, आणि त्या बांधाच्या अलीकडे मिठाचे वाफे. पाणी बांधाच्या खुणेला लागलं की मुकादम झोपडीपुढे उभा राहून हाळी द्यायचा, "फळ्या टाऽऽक!" हाळी लवकर आली तर तळं अर्धपोटी राहायचं. उशिरा आली तर बांध फुटून पिकलेलं मीठ पुन्हा पाणी व्हायचं, आणि सगळ्यांच्या कष्टांची माती.

मुकादमाचा आवाज मोठा नामी. वाऱ्यावर सोडला तर खाडीपलीकडची माणसं वळून बघतील असा. त्या आवाजावर त्याचा भारी जीव होता, आणि त्याच्या मुकादमकीत आवाजाचा वाटा किती आणि अकलेचा किती, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

गेल्या भाद्रपदात धोंडीबाला थंडीताप आला. अंगावर दोन गोधड्या टाकून सगुणा वर बसायची, तरी माणूस खाटेसकट हलायचा. ताप उतरला तो कान घेऊन गेला. कोणी तापाला दोष दिला, कोणी तापावरच्या कडू कोयनेलाला. कारण काहीही असो, सकाळी कोंबडा ओरडला, आळीत भांडण झालं, सगुणाने कानाशी तोंड नेऊन हाक मारली, तरी धोंडीबा आपला छपराकडे बघत पडलेला.

त्याहून वाईट पुढेच होतं. स्वतःचा आवाज ऐकू येईना, तेव्हा तो बोलायचा ते ओरडून. "भाकर दे" म्हणाला तरी चार घरांना कळायचं. बायका पदराआड हसायच्या, पोरं नक्कल करायची. सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती चटकन ओठांवर बोट ठेवायची. असं पाचपंचवीस वेळा झालं आणि धोंडीबाने बोलणंच सोडलं. घरात शांतता झाली. सगुणाला आधी बरं वाटलं, मग ती शांतता अंगावर येऊ लागली.

माघ लागला. वाफ्यांत पांढरी साय धरू लागली. एका दुपारी सगुणा उघाडीवरून धापा टाकत परत आली, तर मुकादम वाटेतच कमरेवर हात ठेवून उभा.

"सगुने, मी एक मानूस ठेवलाय का दोन?"

"का वो मुकादम?"

"हाळी मी देनार, ती तू ऐकनार, मंग तू पळनार, मंग त्याला कळनार. तवर पानी थांबतंय व्हय? आनि तुझी टोपली बघ कुठं पडलीय. मीठ बांधावर सांडलंय."

मीठ सांडलं होतं खरं. सगुणा खाली बसून हातांनी गोळा करू लागली. तिच्याबरोबर मीठ वाहणारी रंगूबाई वाकून मदत करायला लागली, तसा मुकादम म्हणाला, "या पुनवेचं उधाण बघतो. नायतर उघाडी दगडूला देनार. धोंड्याला बायकांबरोबर टोपल्या वाहू दे. मला काय हौस नाय, पन बांध फुटला तर शेठ मला इचारतील."

दगडू तिथेच फावडं घेऊन उभा होता. तो बिचारा मान खाली घालून माती चाळवू लागला.

त्या संध्याकाळी सगुणा घराकडे निघाली ती रेल्वेच्या तारेपाशी थबकली. कोपरीच्या माणसाला रेल्वे म्हणजे रोजचं मरण. ठाण्यात जायचं तर रूळ ओलांडल्याशिवाय गती नाही. सिग्नलचा हात आडवा होता आणि एक मालगाडी खोळंबून फुसफुसत उभी होती. हात खाली पडला, गाडी हलली. सगुणा जन्मापासून हे बघत आली होती. आज तिला एकदम वाटलं, एवढ्या खडखडाटात त्या डायवरला तरी कुणाची हाळी ऐकू येत असेल? तरी गाडी चालतेच की नाही!

"रंगूबाय, गाडीला डोळ्यानं सांगतात," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय! आमच्या घरात पन डोळे हायतच की."

घरी जाऊन तिने धोंडीबाच्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा फाडला, आणि पेटीतल्या तांबड्या लुगड्यालाही कात्री लावली. ते लुगडं लग्नातलं होतं. लावताना हात जरा अडला, पण जरासाच. मुकादमाच्या झोपडीपाशी तिने उंच बांबू रोवला. पांढरं फडकं म्हणजे पाणी येऊ द्या, तांबडं म्हणजे फळ्या टाका. धोंडीबाला तिने अंगणात दोन्ही फडकी हलवून दाखवली. तो बघत राहिला, काहीतरी बोलण्यासाठी त्याचं तोंड उघडलं, पण सगुणा कामाच्या घाईत होती. तिने मान उडवून विचारलं, "कळलं?" त्याने मान हलवली.

पुनवेला उधाण भर दुपारी आलं. हाळी झाली तसं सगुणाने तांबडं वर चढवलं, तिकडे फळ्या पडल्या. बायकांनी टोपल्या खाली ठेवून बघितलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मुकादमाने नाक मुरडलं नाही, आणि सगुणाला तेवढंही पुष्कळ होतं. ती रंगूबाईला म्हणाली, "बघ, आता पायांना जरा इसावा."

तिसऱ्या दिवशी घात झाला.

भरती रोज उशिरा येते. त्या दिवशी ती आली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. पांढरं फडकं बांबूवर होतं, पाणी तळ्यात चढत होतं, अजून निम्मंही झालं नव्हतं. आणि तिकडे उघाडीवर धडाधड फळ्या पडल्या.

"अरे ए! काय करतोस रं! काढ! काढ फळ्या!" मुकादम बोंबलला. सगुणा धावली. पण पोचेपर्यंत ओहोटी लागून खाडी उलटली होती, आणि उलटलेल्या खाडीला कोणी परत बोलावू शकत नाही. तळं अर्धपोटी राहिलं. आता पुढच्या उधाणापर्यंत निम्म्या वाफ्यांना पाणी मिळणार नव्हतं.

मुकादमाने सगळ्यांदेखत धोंडीबाच्या हातातला फळ्या उचकटायचा पहारेसारखा लाकडी दांडा काढून घेतला आणि दगडूला दिला. धोंडीबा फडक्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगू पाहत होता, पण मोठा आवाज निघेल या भीतीने नुसतेच ओठ हलत होते. मुकादमाने एक रिकामी टोपली उचलली आणि त्याच्या डोक्यावर पालथी ठेवली. चार माणसं हसली. धोंडीबाने टोपली काढली, सुलटी केली आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

सगुणाला राग आला तो मुकादमाचा नव्हे, नवऱ्याचा. घरी गेल्यावर तिने पांढरं फडकं त्याच्या नाकासमोर नाचवलं, डोळ्यांकडे बोट केलं. दिसत नाही का तुम्हाला? आंधळे पण झालात का? लुगडं कापलं, पाय रक्ताळले, सगळ्यांचं ऐकून घेतलं, ते यासाठी? त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून तो आडवा झाला. ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मीठ ओढताना तिचा रागच तिला स्वस्थ बसू देईना. हा माणूस कधी पाण्याला चुकला नाही. मग फडक्याला कसा चुकला? ऊन कललं तशी तिने टोपली ठेवली, पांढरं फडकं पुन्हा बांबूवर बांधलं आणि रंगूबाईला म्हटलं, "माझी एक खेप तू ने." आणि ती पळत नव्हे, चालत उघाडीवर गेली. धोंडीबा उभा राहायचा त्या दगडावर उभी राहिली आणि झोपडीकडे वळून बघितलं.

काही दिसेना. समोरून ऊन, तळ्याच्या पाण्यावरून ऊन, मिठावरून ऊन. डोळ्यांत सुया टोचाव्यात तसं. हात कपाळाशी धरून बारीक नजरेने बघितलं तेव्हा बांबू दिसला, आणि बांबूवर एक काळं चिरगूट फडफडताना दिसलं. ते पांढरं होतं. तिनेच बांधलेलं. सूर्य पाठीमागे असला की तांबडं काय नि पांढरं काय, सगळं काळंच.

सगुणा त्या दगडावर मटकन बसली. इतक्या वेळा ती इथे धावत आली, दंड धरला, हातवारे केले आणि धावत परत गेली. पण इथे उभं राहून तिकडे कधी बघितलं नाही. फडकी तिने निवडली, रंग तिने ठरवले, 'कळलं?' म्हणून तिनेच विचारलं. तुम्हाला काय दिसतं, हे तेवढं विचारायचं राहिलं. अंगणात तो तोंड उघडत होता ते तिला आता आठवलं, आणि तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिने तिथेच दोनदा कपाळ बडवून घेतलं. मग उठली. रडत बसायला उधाण थांबणार नव्हतं.

टोपल्यांच्या रांगेतून तिने धोंडीबाला हाताला धरून आणलं. मुकादम ओरडत होता, त्याला ओरडू दिलं. धोंडीबाला दगडावर उभं केलं, बांबूकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हात पसरून तळवे उताणे केले. काय लावू? तुम्ही सांगा.

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने बोट ओठांवर नेलं नाही.

"काळंऽऽ दिसतं!" तो म्हणाला, आणि उघाडीवरचा बगळा उडाला. "समदं काळं! रंग नको! आकार पायजे! जाड आकार!"

"मंग सूप लावू?" तिने हातांनी सूप पाखडून दाखवलं.

त्याने मान डोलावली, पण खात्री नव्हती. सगुणा घरून सूप घेऊन आली, बांबूवर चढवून परत उघाडीवर आली. सूप छान दिसलं, काळं, रुंद. मग वारा आला, सूप आडवं फिरलं आणि नुसती रेघ उरली. धोंडीबाने जोरात मान हलवली. त्याची नजर वाफ्यांकडे गेली, बायकांच्या डोक्यांकडे. तो हसला. आजारपणानंतर तो पहिल्यांदा हसत होता.

"टोपली!" तो गरजला. "टोपली कुठूनबी गोल! एक टोपली, पानी येऊ दे! दोन टोपल्या, फळ्या टाक!"

जी टोपली काल त्याच्या डोक्यावर पालथी घातली होती, तीच त्याने निवडली. सगुणाने दोन टोपल्या शेणाने दोन्ही अंगांनी जाड सारवल्या, म्हणजे फटींतून ऊन झिरपायला नको. वाळल्यावर त्या बांबूवर एकाखाली एक अशा टांगल्या की त्यांच्यात पुरुषभर अंतर राहील. जवळ राहिल्या तर लांबून एकच दिसायच्या. हेही धोंडीबानेच उघाडीवर उभं राहून हाताने वर-खाली करत सांगितलं. मधे सांगता सांगता त्याचा आवाज इतका चढला की दगडू बघायला आला आणि तोच दुसऱ्या टोपलीसाठी बांबूला वेगळी दोरी ओवून गेला.

आता राहिला मुकादम.

"अवसेच्या तिजेला उधाण कलत्या उन्हातच येनार," सगुणा त्याला म्हणाली. "त्याच उन्हात बघा. एकदा त्यांना उभं करा."

मुकादमाने टोपल्यांभोवती फेरी मारली. धोंडीबासारखा उघाडीवाला दुसरा नाही हे त्यालाही ठाऊक होतं. दगडूने दोनदा फळी खाचेत वाकडी अडकवली होती. "बरं. करून बघ. टोपली तू चढव."

"मी नाय चढवनार."

"मंग कोन?"

"बांधाची खूण तुमी बघता. हाळी तुमची. टोपली पन तुमीच चढवायची."

"मी?" मुकादमाने छातीला हात लावला. "इतकी वर्सं या गळ्यावर आगर चालवलं, आनि आता शेणाच्या टोपल्या वर-खाली करू? लोक काय म्हनतील?"

"मी पळत व्हते तवा लोक काय म्हनत व्हते, ते मी ऐकलंय," सगुणा म्हणाली. "तुमी त्यांना मानूस म्हनून ठेवलाय ना? मंग जे सांगायचं ते त्यांना सांगा. मला नको."

मुकादम थुंकला आणि झोपडीत गेला.

"अगं, जास्त ताणू नको," रंगूबाईने वाटेत समजावलं. "तू चढव की टोपली. काय झिजनार हाय तुझं?"

"आज मी चढवली तर जन्मभर मीच. मी आजारी पडले की उघाडी गेली. नाय, रंगूबाय."

तीज उजाडली. धोंडीबाला दांडा परत मिळाला, तो घेऊन तो उघाडीवर गेला. सगुणाने पहिली टोपली सकाळीच चढवून ठेवली आणि दुसरीची दोरी सोडून झोपडीच्या खांबाला अडकवली, मुकादमाच्या हाताच्या उंचीवर. मग ती वाफ्यात उतरली आणि मीठ भरू लागली.

ऊन कललं. खाडी फुगत आली, धोंडीबाने फळ्या काढल्या, पाणी तळ्यात लोटलं. सगुणा मीठ ओढत होती, पण नजर बांधावर. पाणी चढलं. खुणेच्या खाली वीतभर आलं. मग चार बोटं. मग खुणेला लागलं.

"फळ्या टाऽऽक!"

मुकादमाने हाळी दिली. सवयच ती. गळ्याच्या शिरा फुगवून दिली, आणि लगेच दुसरी, तिसरी. उघाडीवरची आकृती ढिम्म हलली नाही. सगळ्या बायका, दगडू, फावडीवाले, सगळ्यांनी वळून सगुणाकडे बघितलं. आता ही पळणार.

तिचे पाय पळायला निघालेही होते. एक पाऊल तर बांधावर पडलं होतं. तिने ते मागे घेतलं. डोक्यावर भरलेली टोपली तशीच धरून ती उभी राहिली.

"सगुनेऽ! अगं पळ! बांध झिरपायला लागला!"

बांध खरंच झिरपत होता. ओली रेघ खाली उतरून वाफ्याच्या कडेला लागली होती. दगडू धावत जाऊन चिखलाचे गोळे दाबू लागला. बांध फुटला तर सगुणाच्या हातून फुटणार होता, सगळ्या बायकांचा तळतळाट तिला लागणार होता, उघाडी तर जाणारच होती. तरी ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच मोठा वाटला, "मुकादम, दोरी तुमच्या हाताशी हाय."

मुकादमाने तिला एक कचकचीत शिवी दिली. मग बांधाकडे बघितलं, उघाडीकडे बघितलं आणि खांबाची दोरी हिसकली. गाठ सुटली, आणि तो ओढू लागला. दुसरी टोपली हेलकावत, बांबूला आपटत वर चढली आणि पहिलीच्या खाली येऊन थांबली.

तिकडे उघाडीवर धोंडीबाचा हात सरळ वर गेला. लगेच फळ्या पडल्या, एकामागून एक, सरळ खाचेत.

पाणी खुणेवर डुचमळलं आणि तिथेच राहिलं. दगडूने चिखलाचा शेवटचा गोळा दाबून वर पाय दिला. मुकादम दोरी हातात धरून उभाच होता. त्याने ती जरा सैल केली. टोपली हातभर खाली आली, पुन्हा वर गेली. लांबून धोंडीबाचा हात पुन्हा वर झाला.

"ऐकतोय की रं," मुकादम दगडूला म्हणाला. मग घसा खाकरून सगळ्यांवर खेकसला, "बघता काय! मीठ उचला! आनि ही दोरी कुनी बांधली? हात सोलला माझा. उद्या जाडी दोरी आना."

सगुणाने टोपली ढिगावर रिकामी केली, तेव्हा तिला कळलं की आपली मान केव्हाची आखडली आहे. ती रंगूबाईच्या खांद्याला धरून थोडा वेळ उभी राहिली. रंगूबाई म्हणाली, "मेले, जीव घेशील आमचा एक दिवस," आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी दोघं कोपरीत परतली. धोंडीबा पुढे, खांद्यावर दांडा; सगुणा मागे. आळीत माणसं दारात बसली होती, चुली पेटत होत्या. घराच्या पायरीशी धोंडीबा थांबला, तिच्याकडे वळला. चेहरा फुलला होता. सांगू की नको असं त्याला झालं होतं. मग राहवलं नाही.

"मुकादम आज माझ्याशी बोललाऽ!" तो ओरडला. अख्खी आळी वळली. "माझ्याशी! मधी कोन न्हवतं!"

कुठल्यातरी दारात कोणीतरी फिसकन हसलं. सगुणाचा हात सवयीने ओठांपर्यंत गेला. तिने तो खाली घेतला, पायरीवर बसली आणि त्याचा पंचा ओढून त्याला शेजारी बसवला. मग दोन्ही तळवे उताणे केले, बोला म्हणून.

आणि धोंडीबा आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात सगळं पहिल्यापासून सांगू लागला.